सोळावर थांबणारी शालन

शालन, हातात सोळा असताना थांबायचं की पान घ्यायचं, हा आपला वाद राहिला तो राहिलाच. वाटणाऱ्याचं समोर दश्शीचं पान उघडं पडलेलं, आपल्या हातात मेले सोळा, ना इकडचे ना तिकडचे. मी म्हणायची, घे गो, असंही मरायचंच आहे. तू म्हणायचीस, आपण होऊन कशाला मरायचं, त्याला मरू दे ना. अख्खी हयात गेली ह्या एका वादात. आणि तू काय केलंस, तर वाद अर्धा टाकून निघून गेलीस. ही काय रीत झाली?

तीन आठवडे होतील उद्या. मी सतराव्या मजल्यावर बसलेय. जिथे आपली चाळ होती त्याच जागेवर, पण एवढ्या वर की खाली करी रोडचा पूल हातभर दिसतो. दुपारी डोळा लागला की तू पत्ते पिसल्याचा आवाज येतो. सरसर, सरसर. मी डोळे न उघडता विचारते, 'कोण वाटणार?' तू म्हणतेस, 'तू वाट, माझे हात ओले आहेत.' मग जाग येते तेव्हा पंखा चालू असतो आणि पडदा हलत असतो. वेड लागलंय मला, दुसरं काय. स्मिता म्हणते, आई, डॉक्टरला दाखवूया. मी म्हटलं, डॉक्टर काय डोंबल करणार, शालूला परत आणणार आहे का तो?

ज्यांना तू माहीत नाहीस त्यांना काय सांगू तुझ्याबद्दल? आपल्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती आणि तीही लाकडाची. तू खोकलीस की मी इथून 'काढा घे' म्हणायची. तुझे मधूभावोजी आणि आमचे हे एकाच गिरणीत, एकाच साचेखात्यात, मागावर कापड विणायला. भोंगा झाला की दोघं एकदम जिना उतरायचे. आपण दोघी कठड्याला टेकून त्यांची डोकी खालून जाताना बघायचो. तुझ्या माणसाला तेव्हाच टक्कल पडायला लागलं होतं, आणि मी ते तुला रोज दाखवायची.

मग संप झाला आणि भोंगे थांबले. तुला आठवतं, पहिले काही दिवस आपल्याला वेळच कळेना? भाकऱ्या भोंग्यावर थापायची सवय. भोंगा नाही तर तवा कधी ठेवायचा? सकाळ संपायची नाही, दुपार तर संपायचीच नाही. पुरुष नाक्यावर, मीटिंगला, मोर्चाला. नाहीतर गॅलरीत उघडे बसून रमी कुटत. चिमणीतून धूर नाही म्हणून आभाळ इतकं स्वच्छ दिसायचं की भीती वाटायची. वाळत घातलेली लुगडी वाऱ्याने हळूहळू हलायची, आणि सगळी चाळ पाण्याखाली गेल्यासारखी गप्प. मला ते दिवस आठवतात तेव्हा ते घडले होते की मी झोपेत पाहिले, असं होतं.

त्यातच तुझा भाऊ आला, गिरगावातला. प्रवासी बोटीवर वेटरचं काम करायचा तो. बोटीवर जुगाराचा मोठा हॉल असायचा, हिरव्या टेबलांचा. ग्लास उचलता उचलता तो सगळे खेळ शिकला होता. सुट्टीवर आला तो आठ दिवस तुझ्याकडे राहिला, आणि आपल्या दोघींना त्याने तो खेळ शिकवला. त्या खेळाचं बोटीवरचं नाव ब्लॅकजॅक. आपण त्याला 'एकवीस' म्हणायचो.

गोधडी पसरून त्याने समजावलं होतं, मला अजून जसंच्या तसं दिसतं. प्रत्येकाला दोन पानं. एकविसाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं, पण एकवीस ओलांडलं की मेलो. राजा, राणी, गुलाम सगळे दहाचे. बाकीच्या पानांना त्यांचे त्यांचे आकडे. एक्का मात्र हवा तर एक, हवा तर अकरा.

'म्हणजे एक्का चांगलाच सोयीचा आहे की,' तू म्हणालीस. 'आमच्या मुकादमासारखा. साहेबापुढे एक, कामगारापुढे अकरा.'

वाटणारा स्वतःलाही दोन पानं घेतो, एक उघडं, एक झाकलेलं. आपण आपल्या हाताकडे बघायचं आणि त्याच्या उघड्या पानाकडे बघायचं. पान हवं तर मागायचं, नको तर थांबायचं. सगळ्यांचं झालं की तो आपलं झाकलेलं पान उघडतो. आणि गंमत अशी की त्याला स्वतःची अक्कल चालवायची मुभाच नाही. सोळा किंवा त्याहून कमी असेल तर त्याने पान घेतलंच पाहिजे. सतरा झाले की थांबलंच पाहिजे. मनात काही असो. बरोबरी झाली तर आपलं आपल्याला परत. पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाचं पान आलं तर त्याला ब्लॅकजॅक म्हणतात, त्याला दीडपट मिळतं. सारखी दोन पानं आली तर ती फोडून दोन हात करता येतात. आणि वाटणाऱ्याचा एक्का उघडा असेल तर विमासुद्धा उतरवता येतो म्हणे! विमा ऐकून तू इतकी हसलीस की आत चुलीवरचं कालवण लागलं.

एक नियम मात्र मला तेव्हाही खटकला होता. आपण एकविसाच्या वर गेलो की तिथेच संपलो. मागाहून वाटणारासुद्धा वर गेला, तरी आपलं गेलेलं परत येत नाही. मी तुझ्या भावाला म्हटलं, हा अन्याय आहे. तो म्हणाला, 'ताई, त्यावरच तर कंपनी चालते. आधी तुम्हाला मरायला लावतात.'

आपण चिंचोक्यांवर खेळायचो. फोडलेल्या चिंचेचे, धुऊन वाळवलेले, तुझ्या डालड्याच्या डब्यात भरलेले. एक जण वाटणार, एक जण खेळणार, मग अदलाबदल. आणि पान उचलायच्या आधी आपण दोघी गोधडीला बोटं लावून ती कपाळाला लावायचो. ते कोणी शिकवलं नव्हतं. आपली माणसं पाळीला गेली की आधी साच्याला हात लावून कपाळाला लावायची, मग पट्टा ओढायची. साचा बंद, तर नमस्कार कुणाला करायचा? म्हणून आपण गोधडीला केला असेल. तू प्रत्येक डावाला करायचीस. घाईत राहिला तर डाव मोडून पुन्हा वाटायला लावायचीस, इतकी तू खट.

आणि तुला तो खेळ आवडला त्याचं कारण मला पाठ आहे. तू म्हणालीस, 'विजू, रमीत तू सुटलीस की मी मरते. ह्यात तसं नाही. बोटीवर टेबलाला पाच जणी बसल्या तरी पाचही जणी त्या वाटणाऱ्याशीच खेळणार. तुझा हात तुझा, माझा हात माझा. आपलं आपसात भांडणच नाही.'

हे तू म्हणालीस तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. कठड्याच्या गजांची सावली गोधडीवर पडली होती. तुझी रूपा आणि माझी स्मिता आत एकमेकींच्या अंगावर पाय टाकून झोपल्या होत्या, दोघींच्या वेण्या एकाच रिबिनीने बांधलेल्या. मला वाटलं, हे असंच राहावं. संप मिटू नये, भोंगा होऊ नये. असं वाटणं पाप होतं, घरात डबे रिकामे होते. पण वाटलं खरं.

आता पुढचं सांगायचं तर मला पाणी प्यावं लागेल. थांब.

संपाला वर्ष होत आलं होतं तेव्हा गिरणीने आतल्या आत लोक घ्यायला सुरुवात केली. जे येतील त्यांची राहायची, जेवायची सोय आतच. बाहेर यायचं नाही, बाहेर आलं तर मार बसायचा. कोण आत गेलं, कोण नाही, ह्यावर नाक्यानाक्यावर माणसं नजर ठेवून असायची. एका पहाटे हे पत्र्याची ट्रंक घेऊन उतरले. मी सगळ्या चाळीला सांगितलं, गावी गेलेत, सासऱ्यांना बरं नाही, शेतीचंही बघायचं आहे. निम्मी चाळ तशीच गावी गेलेली, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. तू म्हणालीस, 'बरं झालं, तिथे निदान पेज तरी मिळेल.' आणि मी मान हलवली.

हे गावी नव्हते, शालन. हे आपल्या चाळीपासून दहा मिनिटांवर होते, गिरणीच्या भिंतीच्या आत, साच्यावर.

मी मनाची समजूत घातली की मी कुठे त्यांना पाठवलं, ते स्वतःहून गेले. पुरुष माणूस, त्यांना अडवणारी मी कोण? वर्षानुवर्षं मी हेच स्वतःला सांगत आले, आणि ते इतकं पाठ झालं की कधीकधी खरंच वाटायचं.

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी तू गोधडी घेऊन आलीस. पत्ते पिसलेस, पण वाटले नाहीस. म्हणालीस, 'विजू, ह्यांचं मन डळमळतंय गो. म्हणतात, आत जाऊ का? रूपाची शाळा आहे, घरात काही नाही. तुला काय वाटतं? पाठवू की थांबू?'

 मधूभावोजी आत गेले तर पहिल्याच पाळीला ह्यांना बघणार. मग तुला कळणार. मग तू माझ्याकडे कशी बघशील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. रूपाची शाळा नाही आली, तुझं घर नाही आलं. मी म्हटलं, 'थांब गो. आता मिटतच आलंय. इतके दिवस काढले, आता आठ दिवसांसाठी कशाला तोंड काळं करायचं?'

तोंड काळं. शब्दसुद्धा तेच आले तोंडात, जे मलाच लागू पडत होते.

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, 'बरं. तू म्हणतेस तर थांबू.' आणि पत्ते वाटलेस. तो डाव कोण जिंकलं ते मला आठवत नाही.

आठ दिवसांत काही मिटलं नाही. ते कधी मिटलंच नाही, नुसतं विरत गेलं. गिरणी अर्धीमुर्धी सुरू झाली तेव्हा यादीत ह्यांचं नाव होतं. मी चाळीत सांगितलं, नशीब बघा, गावाहून आले आणि नाव लागलं. मधूभावोजींचं नाव लागलं नाही. त्यांनी लालबागच्या मार्केटात हमाली केली, मग एका इमारतीत वॉचमन. रूपाने आठवीतून शाळा सोडली आणि परळच्या कारखान्यात शर्टांना काजं करायला बसली. माझी स्मिता माटुंग्याला कॉलेजात गेली. पहिल्या दिवशी तू तिच्या हातावर दही ठेवलंस. रूपा दारात उभी होती, बोटाला सुई टोचलेली, चिंधी बांधलेली. मला तेव्हा तुझा राग आला, शालन. खरंच सांगते, राग आला. एवढं दही कशाला? शिव्या दे ना मला! भांड ना! तुझ्या चांगुलपणाने मला आयुष्यभर छळलंय.

मग गिरणी बंद पडली ती सगळ्यांसाठीच. हे गेले. चाळ पाडायला निघाली तेव्हा तू तुझी खोली देऊन बदलापूरला रूपाकडे गेलीस. पण दर महिन्याला यायचीस, पिशवीत पत्त्यांचा कॅट घेऊन. सतराव्या मजल्यावर दोन म्हाताऱ्या चिंचोक्यांवर एकवीस खेळतात, लिफ्टवाल्याला त्याचं भारी कौतुक.

आणि गोवा! ते तरी आपण केलं बाई. स्मिताची बदली पणजीला झाली, आणि तिनेच टूम काढली की आपल्या दोघींना खऱ्या कॅसिनोत न्यायचं. दुपारचे चार वाजले होते. छोट्या होडीतून नदीतल्या त्या मोठ्या बोटीवर गेलो. तू जरीकाठाची साडी नेसली होतीस आणि मोगऱ्याचा गजरा. आत गेलो आणि एकदम गार. खिडक्यांना जाड पडदे, भिंतीवर घड्याळ कुठेच नाही. तू माझ्या कानात म्हणालीस, 'विजू, हितं पण वेळ कळत नाय गो. भोंगा बंद असल्यासारखं.' पायाखाली गालिचा इतका मऊ, आणि बोट अशी हळू डुलत होती, की मला वाटलं आपण चालतच नाही आहोत, कोणीतरी अलगद नेतंय.

ब्लॅकजॅकच्या टेबलाशी काळं जाकीट घातलेली एक पोरगी उभी होती, स्मितापेक्षाही लहान. तिने आपल्याला फार प्रेमाने समजावलं. आजी, पैसे माझ्या हातात द्यायचे नाहीत, टेबलावर ठेवायचे. मी चिप्स देईन. चिप्स आधी गोलात ठेवायच्या, पानं वाटली की मग त्यांना हात लावायचा नाही. पानांनाही हात लावायचा नाही, ती मीच हलवणार. तोंडाने बोललेलं चालत नाही, हाताने खूण करायची. पान हवं तर टेबलावर बोटं टेकवायची. नको तर तळवा असा आडवा फिरवायचा. वर कॅमेरे आहेत, ते हात बघतात, तोंड ऐकत नाहीत.

तू सगळ्याला 'हो बाळा' म्हणालीस आणि पहिल्याच डावाला पानं उचलून डोळ्यांजवळ नेलीस. ती हसली. म्हणाली, 'आजी, हात नाही.' तू जीभ चावलीस.

आपण अर्धा तास तरी खेळलो असू. मला वाटत होतं एक दुपार चाललीय, तीच, गोधडीवरची. तू मधल्या खुर्चीवर, मी शेवटच्या. तुझ्या पलीकडे बोटांत अंगठ्या घातलेला एक गृहस्थ बसला होता, मोठमोठ्या चिप्स लावणारा. मग तो डाव आला. वाटणारीची छक्की उघडी. त्या गृहस्थाचे एकोणीस, तो थांबला. तुझे अठरा, तू तळवा फिरवलास. माझ्याकडे दश्शी आणि तिर्री, तेरा. छक्की समोर असताना तेरावर थांबायचं, हे तुझ्या भावाने पहिल्या दिवशी शिकवलं होतं: तिच्याकडेच कच्चा हात असणार, तिलाच घेऊन मरू द्यावं. मी ठरवलं, थांबते. आणि ठरवलं म्हणून बरं वाटलं, म्हणून काय केलं मी? टेबलाला बोटं लावली आणि कपाळाला लावली.

पोरीने पान टाकलं. राजा. तेवीस. मी मेले.

तिने तिचं झाकलेलं पान उलटलं, दश्शी. सोळा. घ्यावंच लागणार. घेतलं, तर पंजी. एकवीस! सगळं टेबल हरलं. त्या गृहस्थाने कपाळावर हात मारला आणि माझ्यावर उखडला. 'माताजी, वो राजा डीलर का था! छब्बीस होता उसका! खेलना नहीं आता तो बैठते क्यों हो? सबको डुबा दिया!'

मी रडकुंडीला आले. म्हटलं, 'मी मागितलं नव्हतं! शालू, देवाशपथ, मी पान मागितलं नव्हतं!'

तू आधी त्याच्याकडे वळलीस. पाच फूटसुद्धा नसशील तू, पण खुर्चीतून उठलीस. 'ओ भाईसाब! उसका पत्ता, उसका मर्जी. मेरा भी गया ना? मैं बोली कुछ? हितं कोण कोणाशी नाय खेळत. सब लोग उसके साथ खेलता है.' आणि बोट त्या बिचाऱ्या वाटणाऱ्या पोरीकडे! तो गृहस्थ आपल्या चिप्स रचायला लागला. मग तू माझ्याकडे वळलीस, माझा पदर सारखा केलास आणि अगदी हळू म्हणालीस, 'हाताने मागितलंस की गो. मागितलंस तर मागितलंस. त्याला एवढं काय रडतेस? मी रडले का?'

आणि माझ्याकडे बघत राहिलीस. तीच बघायची तऱ्हा, वाटायच्या आधी पत्ते हातात धरून बघितलं होतंस तशी.

त्यानंतर आपण वरच्या डेकवर जाऊन बसलो. स्मिता कॉफी आणायला गेली होती. ऊन उतरत होतं, पाणी सोनेरी झालं होतं, पलीकडच्या काठाची झाडं हलकेच मागेपुढे होत होती. तू डोळे मिटून बसली होतीस. माझ्या जिभेवर होतं गो. अगदी टोकावर. मला वाटलं तुला कळलंय. मग वाटलं, छे, पत्त्यांचं बोलत होती ती. कळलं नसेल तर सांगून कशाला घालवू? आणि कळलं असेल तर कशाला उकरू? अशी मी दोन्ही बाजूंनी गप्प बसले. स्मिता कॉफी घेऊन आली आणि तू म्हणालीस, 'साखर कमी आहे.'

मग तुझं दुखणं. बदलापूरला मी येत राहिले. तुझ्या हातात पानं धरवत नव्हती, मी तुझ्या बाजूने पकडायची आणि तू नुसती मान हलवायचीस, घे किंवा नको. शेवटी शेवटी तर फक्त डोळे. एकदा तुझ्याकडे सोळा होते आणि माझी दश्शी उघडी. मी विचारलं, घेऊ का? तू डोळ्यांनीच 'नको' म्हणालीस. मी मुद्दाम घेतलं आणि तुला मारलं, आणि तू हसलीस. त्या दिवशीही सांगता आलं असतं. खोलीत आपण दोघीच होतो.

तुझ्या तेराव्याला जेवणं झाल्यावर मधूभावोजी बाहेर खुर्ची टाकून बसले होते. मी जाऊन शेजारी बसले. म्हटलं, 'भावोजी, शालू मला कधी काही बोलली नाही, पण मी तिचं एक फार वाईट केलंय.' एवढंच बोलले आणि मला हुंदका आला. ते मग म्हणाले, 'दत्ता आत गेला त्याचं म्हणताय ना? वहिनी, तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.'

'कसं?' मी विचारलं.

'तुम्ही गिरणीच्या फाटकातून त्याच्या कपड्यांचं बोचकं गुपचूप आणायचात ना, पहाटे नळावर धुवायला? एक दिवस तुम्ही साबण आणायला वर गेलात. ही खाली होती. तुमच्या बालदीत त्याची बनियन बघितली हिने. बनियनला तूस. गिरणीचं तूस, कापसाचं. वर्षभर अख्ख्या चाळीत कुणाच्या कपड्याला तूस नव्हतं, वहिनी. मागून दोघी-तिघी बादल्या घेऊन येत होत्या. हिने ती बनियन उचलली आणि आमच्या बालदीत घातली, माझ्या कपड्यांच्या खाली. घरी आणून मोरीत बसून तूस वेचून काढलं, धुतली, आणि तुमच्या दोरीवर टाकून आली. त्याच संध्याकाळी नाक्यावरची माणसं विचारायला आली, दत्ता खरंच गावी गेलाय का. ही म्हणाली, मी स्वतः त्याला एसटीत बसवून आले, कणकवलीच्या, बरोबर लोणच्याची बरणी दिली. लोणच्याची बरणी! म्हणून त्यांनी विश्वास ठेवला.'

शालन, म्हणजे तू गोधडी घेऊन मला विचारायला आलीस, त्या दुपारी तुला सगळं ठाऊक होतं. मी सांगावं म्हणून आली होतीस तू. पत्ते हातात धरून वाट बघत बसली होतीस.

मी भावोजींना विचारलं, 'मग थांब म्हटलेलं ऐकलं कशाला तिने माझं?' ते म्हणाले, 'मीही हेच म्हटलं तिला. स्वतःचा नवरा आत पाठवून ती आपल्याला थांबा म्हणते, आणि तू ऐकतेस? तर ही म्हणाली, दोघंही आत गेलात तर विचारायला येतील त्यांना तोंड कोण देणार? कोणीतरी बाहेर पाहिजे ना, ज्याचं खोटं लोक खरं मानतील.'

 मग मी म्हटलं, 'भावोजी, मला हे आधी का नाही सांगितलंत?' ते माझ्याकडे न बघता म्हणाले, 'तुम्ही कधी विचारलंत?'

नाही विचारलं. भिंतीला भिंत लावून राहिले, तुझ्या हातचं दही माझ्या मुलीच्या हातावर पडू दिलं, तुझ्याबरोबर हजारो डाव खेळले, आणि नाही विचारलं. तर आता ऐक. हे स्वतःहून गेले नव्हते, शालू. ते दोन रात्री नाही म्हणत होते, मधूला काय तोंड दाखवू म्हणत होते. ट्रंक मी भरली. दाराची कडी मी काढली. जा, असं मी म्हटलं.